टिटवाळ्याच्या वाटेवरचा गंधक : बा. द. टिळकांच्या विस्मृत संशोधनाविषयी

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड आणि आंबिवली ही दोन स्थानके ओलांडून टिटवाळ्याला थांबते. अंगारकीच्या दिवशी महागणपतीच्या दर्शनासाठी निघालेल्या गर्दीला या प्रवासाची एक खूण कित्येक दशके पाठ होती. शहाड जवळ आले की खिडकीतून एक उग्र, कुजट वास डब्यात शिरत असे आणि नवखा प्रवासी नाकाला रुमाल लावत असे. तो वास गंधकाचा. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढायचा तर त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करावी लागते, आणि धागा घट्ट होताना गंधकाची संयुगे वायुरूपाने सुटतात.

ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ, कल्याण या पट्ट्यातील रसायनउद्योगाची लोकांच्या मनातील ओळख बहुतेक अशीच आहे : वास, रंगीत नाले, अधूनमधून होणारे स्फोट. ही ओळख खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. ज्या गंधकाने प्रवाशांच्या नाकाला झोंबी दिली, त्याच गंधकाला स्त्री-संप्रेरकांच्या सांगाड्यात बसवून पाहण्याचा उद्योग याच महानगरात, माटुंग्याच्या एका प्रयोगशाळेत, १९५० च्या दशकात चालला होता. त्या उद्योगाचे प्रमुख होते बाळ दत्तात्रेय टिळक.

नाव उच्चारताच गोंधळ होतो. संगणकावर हे नाव शोधू गेल्यास पडद्यावर लोकमान्य अवतरतात. बा. गं. आणि बा. द. यांच्यातील एका अक्षराच्या फरकामुळे एक संपूर्ण वैज्ञानिक कारकीर्द झाकली गेली, असे म्हटले तर ती केवळ गंमत ठरणार नाही. १९६३ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक, १९७२ चे पद्मभूषण, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे बारा वर्षांचे संचालकपद, एवढे सारे असूनही मराठी वाचकाला हे टिळक सहसा ठाऊक नसतात. ज्यांना ठाऊक असतात, त्यांनाही ते ‘उद्योगांना साहाय्य करणारे संचालक’ म्हणून. या धाग्यातील प्रतिपादन असे की ही दुसरी ओळखसुद्धा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

टिळकांचा जन्म १९१८ चा. त्यांचे शिक्षण झाले ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडी आजही असलेल्या ‘यूडीसीटी’त. १ ऑक्टोबर १९३३ रोजी स्थापन झालेला हा विभाग मुंबईच्या कापडगिरण्यांच्या गरजेतून उभा राहिला. गिरणीत कापड विणले जाई. पण ते रंगवायचे रंग जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधून येत. रंग बनवणे तर दूरच, आलेल्या डब्यात नेमके काय आहे हे सांगू शकणारी माणसेही देशात मोजकीच होती.

त्या मोजक्यांपैकी अग्रणी म्हणजे के. वेंकटरामन. १९३८ पासून ते या विभागाचे पहिले भारतीय संचालक. सेंद्रिय रसायनाच्या पाठ्यपुस्तकांत ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ या नावाने त्यांचे नाव कायमचे कोरले गेले आहे. त्यांचे स्वतःचे संशोधनशिक्षण मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली झाले होते. टिळक हे वेंकटरामन यांचे विद्यार्थी. आणि पुढे ऑक्सफर्डला जाऊन ते थेट रॉबिन्सन यांचेही विद्यार्थी झाले. गुरूच्या गुरूकडे जाऊन पुन्हा शिकण्याचा हा योग विरळाच.

रॉबिन्सन कोण, हे सांगितल्याशिवाय पुढील कथा उलगडणार नाही. १९४७ चे नोबेल पारितोषिक त्यांना वनस्पतिजन्य संयुगांवरील, विशेषतः अल्कलॉइडांवरील कामासाठी मिळाले. तरी त्यांचा एक जुना ध्यास स्टेरॉइडचा होता. चार वलयांचा हा सांगाडा प्रयोगशाळेत मुळापासून उभारायचा कसा, या प्रश्नाने त्यांना १९३० च्या दशकापासून पछाडले होते. एका वलयाला दुसरे वलय जोडण्याची त्यांची १९३५ ची पद्धत आजही पदव्युत्तर विद्यार्थ्याला पाठ करावी लागते.

येथे थोडे थांबून स्टेरॉइड म्हणजे काय ते पाहू, कारण हा शब्द आज व्यायामशाळेतील कुजबुजीपुरता उरला आहे. कार्बनच्या सतरा अणूंचा एक सांगाडा असतो. त्यात सहा कोनांची तीन वलये आणि पाच कोनांचे एक, अशी चार वलये एकमेकांना कडेने चिकटलेली असतात. कोलेस्टेरॉल, पित्तातील आम्ले, पुरुषत्वाची आणि स्त्रीत्वाची संप्रेरके, कॉर्टिसोन, ही सर्व या एकाच सांगाड्याची रूपे. कुठे ऑक्सिजनचा एखादा अणू इकडचा तिकडे, कुठे एखादा दुहेरी बंध अधिक. आणि तेवढ्याने एक रेणू दाढी उगवतो, तर दुसरा गर्भ धारण करवतो.

हा सांगाडा ओळखतानाच युरोपातील दिग्गजांची दमछाक झाली होती. वीलांड (१९२७) आणि विंडाउस (१९२८) यांना याच क्षेत्रातील कामासाठी नोबेल मिळाले. परंतु त्यांनी मांडलेली रचना चुकीची होती! १९३२ मध्ये बर्नाल यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने रेणूचे आकारमान मोजले, तेव्हा ती चूक उघड झाली आणि खरी रचना हाती आली. नोबेल मिळूनही चूक निघते आणि शास्त्र पुढे जाते, ही गोष्ट शाळेत सांगितली जात नाही.

संप्रेरके मिळवणे हा तर वेगळाच प्रकार होता. बुटेनान्ट यांनी १९३१ मध्ये सुमारे १५,००० लिटर मूत्रापासून, तेही पोलिसांच्या बराकींतून गोळा केलेल्या, अवघे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन वेगळे केले. अमेरिकेत डॉइझी यांनी डुकरिणींच्या चार टन अंडाशयांतून १२ मिलिग्रॅम ईस्ट्राडिओल काढले. निसर्गाकडून मिळणारी भिक्षा इतकी तुटपुंजी असेल, तर रसायनशास्त्रज्ञाला दोनच मार्ग उरतात : रेणू स्वतः घडवणे, किंवा त्याचे काम करील असा दुसरा, सोपा रेणू शोधणे.

दुसऱ्या मार्गावरचा सर्वांत गाजलेला टप्पा १९३८ चा. लंडनचे डॉड्स आणि ऑक्सफर्डचे रॉबिन्सन यांच्या गटांनी मिळून स्टिलबेस्ट्रॉल हे संयुग प्रसिद्ध केले. ते स्टेरॉइड नव्हतेच. त्यात चार वलये नव्हती, दोनच होती. तरीही शरीर फसत होते. त्याला स्त्री-संप्रेरकच समजत होते. शरीराचे कुलूप एकाच किल्लीने उघडते असे नाही, साधारण त्याच लांबीरुंदीची दुसरी किल्लीही चालून जाते, असा त्याचा अर्थ. (या किल्लीची किंमत पुढे फार जबर मोजावी लागली. गरोदरपणी हे औषध घेतलेल्या मातांच्या मुलींमध्ये एक दुर्मीळ कर्करोग आढळल्याचे अमेरिकेत १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले.)

टिळक ऑक्सफर्डला पोहोचले ते या वातावरणात. महायुद्ध संपत आलेले, आणि स्टेरॉइडच्या संपूर्ण संश्लेषणाची शर्यत ऐन रंगात आलेली. ती शर्यत १९५१ मध्ये रॉबिन्सन-कॉर्नफोर्थ आणि अमेरिकेतील वुडवर्ड यांनी जवळपास एकाच वेळी जिंकली. तोवर टिळक मुंबईला परतले होते.

परतलेल्या माणसापुढे निवड होती. ऑक्सफर्डचाच प्रश्न मुंबईत सोडवत बसावे, तर साधने अपुरी, रसायने परदेशातून मागवायची, आणि शर्यतीतील प्रतिस्पर्धी दहा पट बलाढ्य. त्या काळातील अनेक भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी यावर एक व्यवहार्य तोड काढली होती : देशातील वनस्पती घ्यायच्या आणि त्यांतील संयुगे वेगळी करायची. माल घरचा, स्पर्धा कमी. टिळकांनी हा मार्ग घेतला नाही. त्यांनी ऑक्सफर्डचा प्रश्न घेतला, पण त्याला यूडीसीटीचे हत्यार लावले. ते हत्यार होते गंधक.

गंधक आणि रंग यांचे नाते जुने आहे. १८८२ मध्ये व्हिक्टर मायर नावाचे प्राध्यापक वर्गात बेंझिनची एक नेहमीची चाचणी दाखवत होते. आयसॅटिन आणि आम्ल घातले की निळा रंग येई. त्या दिवशी तो येईना! चौकशी केली तेव्हा कळले की त्या दिवशीचे बेंझिन डांबरापासून काढलेले नव्हते, बेंझॉइक आम्लापासून बनवलेले होते. म्हणजे अधिक शुद्ध होते. अर्थात निळा रंग बेंझिनचा नव्हताच, तो डांबरी बेंझिनमध्ये दडून बसलेल्या कुणा तोतयाचा होता. मायर यांनी तो पकडला आणि त्याला थायोफीन असे नाव दिले.

तोतया म्हणण्याचे कारण असे : बेंझिन ८० अंशांना उकळते, थायोफीन ८४ अंशांना. वास, वागणूक, विद्राव्यता, सारेच जुळते. बेंझिनच्या सहा कोनांपैकी दोन कार्बन काढून त्यांच्या जागी गंधकाचा एकच अणू बसवला की थायोफीन होते. वलय पाच कोनांचे झाले तरी गंधकाचा अणू अंगाने थोराड असल्यामुळे एकूण आकारमान फारसे बदलत नाही. औषधांच्या रेणूतील बेंझिनच्या जागी थायोफीन घालून पाहण्याची कल्पना येथूनच निघाली. टिळकांचा प्रश्न होता : स्टेरॉइडच्या वलयांपैकी एखादे असे बदलले तर?

हा प्रश्न विचारणे सोपे. गंधकाचे वलय इतर वलयांना चिकटवून बांधणे अवघड. आणि येथेच रंगकाम उपयोगी पडले. नीळ हा प्राचीन रंग. त्यातील नायट्रोजनच्या जागी गंधक घातल्यावर लाल थायोइंडिगो मिळतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले होते. असे रंग बनवताना बेंझिनच्या वलयाला आधी गंधकाची शेपटी जोडतात आणि मग ती शेपटी वळवून वलयाला पुन्हा गाठ मारतात. थायोइंडिगोचा कारखाना चालवणाऱ्याला ही गाठ रोजची.

टिळकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही गाठ मारण्याची एक सुटसुटीत रीत विकसित केली. गंधकाची शेपटी असलेले संयुग फॉस्फरिक आम्ल आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड यांच्या चिकट मिश्रणात, दाब कमी करून, तापवायचे. पाण्याचा किंवा अल्कोहोलचा अंश निघून जातो, गाठ बसते, आणि तयार झालेले नवे संयुग वाफ होऊन लगेच बाहेर पडते. आम्लात फार काळ राहून त्याचा चिखल होत नाही. ना महागडा उत्प्रेरक, ना परदेशी यंत्र. १९५०-५१ मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात या मालिकेतील लेख येऊ लागले. बेंझोथायोफीन बनवणारे पाश्चात्त्य रसायनशास्त्रज्ञ पुढे अनेक वर्षे या कामाचे दाखले देत राहिले.

१९५६ मध्ये टिळक आणि त्यांचे सहकारी रा. बी. मित्रा यांनी ‘हेटरोसायक्लिक स्टेरॉइड’ या मालिकेतील पहिले लेख प्रसिद्ध केले. स्त्री-संप्रेरकांच्या सांगाड्यातील बेंझिनच्या जागी थायोफीन असलेले रेणू त्यांनी घडवले होते. ज्या नियतकालिकात ते छापले गेले ते भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे होते, लंडनचे किंवा न्यूयॉर्कचे नव्हते. सहज दृष्टीस न पडण्याचे हेही एक कारण.

याच्या जोडीला दुसरे एक काम चालू होते, आणि इतिहासाच्या दृष्टीने ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. १९६० मध्ये ‘टेट्राहेड्रॉन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात टिळकांचा एक प्रदीर्घ लेख आला. विषय : कर्करोग उत्पन्न करणाऱ्या बहुवलयी हायड्रोकार्बनांची थायोफीनयुक्त प्रतिरूपे. डांबरात कर्करोगाचे बीज असते हे तोवर पक्के झाले होते. १९१५ मध्ये जपानमध्ये सशांच्या कानांना डांबर चोळून ते दाखवण्यात आले. १९३३ मध्ये लंडनमध्ये दोन टन डांबरापासून बेंझोपायरीन हे नेमके विष वेगळे करण्यात आले.

स्टेरॉइड आणि ही विषे या दोन विषयांचा संबंध काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. संबंध होता. १९३३ च्या सुमारास असे आढळले की पित्तातील एका स्टेरॉइड आम्लापासून, प्रयोगशाळेतील काही पायऱ्यांत, मेथिलकोलॅन्थ्रीन हा अत्यंत जहाल कर्कजनक रेणू तयार होतो. मग शरीर स्वतःच आपल्या स्टेरॉइडपासून कर्करोगाचे विष तयार करत असेल काय? ही भीती पुढे त्या स्वरूपात खरी ठरली नाही. तथापि दोन दशके ती अनेक प्रयोगशाळांना कामाला लावून गेली. वलयांचा कोणता आकार जीवनदायी आणि कोणता प्राणघातक, याची सीमा शोधताना टिळक त्या सीमेच्या दोन्ही बाजूंचे रेणू घडवत होते.

आता पुन्हा लोहमार्गाकडे वळू. १९५० च्या दशकात मुंबईचा रंगउद्योग कल्याणच्या दिशेने सरकू लागला. इंडियन डायस्टफ इंडस्ट्रीजचा कारखाना कल्याणजवळ उभा राहिला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून त्याच्या वसाहतींना प्रारंभ झाला, आणि डोंबिवली-अंबरनाथची भाताची खाचरे भराभर भूखंड झाली. त्या भूखंडांवरील प्रयोगशाळा, उत्पादनविभाग आणि कधी कधी मालकी यूडीसीटीच्या पदवीधरांकडे असे. तेथेच शिकलेल्या केकी घरडा यांच्या कंपनीने डोंबिवलीत कारखाना थाटला. डोंबिवलीच्या चाळींत आणि टिटवाळ्याच्या स्वस्त घरांत राहणारा ‘केमिस्ट’ हा नोकरदार वर्ग त्यातूनच घडला : सकाळची पाळी, हाताला न निघणारा पिवळा डाग, आणि मुलाने इंजिनियर व्हावे ही इच्छा.

त्या डागाविषयी एक कठोर गोष्ट सांगणे भाग आहे. रंगकारखान्यातील अमाइनांमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे जर्मनीतील शल्यविशारद रेन यांनी १८९५ मध्येच नोंदवले होते. वलयांचा आकार आणि कर्करोग यांच्या संबंधावर माटुंग्यात १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय तोडीचे काम चालू होते. तरीही बेंझिडिनपासून बनणाऱ्या रंगांवर भारतात बंदी येण्यास १९९० चे दशक उजाडले. ज्ञान माटुंग्यात होते. डोंबिवली तीस किलोमीटरवर होती. उद्योगासाठी लागणारी रीत प्रयोगशाळेतून कारखान्यात झपाट्याने पोहोचली, कामगारासाठी लागणारी सावधगिरी मात्र वाटेत कुठे तरी उतरली. याचा दोष एका व्यक्तीला देता येत नाही, आणि व्यवस्थेला देऊन मोकळेही होता येत नाही. कारण व्यवस्था म्हणजे नियमांच्या मसुद्यांवर, परवान्यांवर आणि तपासणी-अहवालांवर सह्या करणारी माणसेच होती.

१९६६ मध्ये टिळक राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांच्याआधी त्या खुर्चीत वेंकटरामन होते. म्हणजे शिष्याने गुरूचीच जागा घेतली. ते वर्ष रुपयाच्या अवमूल्यनाचे. जूनमध्ये डॉलरची किंमत ४.७६ रुपयांवरून साडेसात रुपये झाली. परदेशातून येणारे प्रत्येक रसायन एका रात्रीत महागले. सरकारला प्रयोगशाळेकडून एकच गोष्ट हवी होती : आयात होणारा माल देशात बनवून दाखवा.

त्यातच १९७० चा पेटंट कायदा आला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणे बंद झाले, ते बनवण्याच्या रीतीवर तेवढे मिळू लागले, तेही अल्प मुदतीचे. याचा सरळ अर्थ असा की एखाद्याने दुसऱ्या रीतीने तेच औषध बनवले, तर ते कायदेशीर. रीत शोधणाऱ्या संश्लेषणकारांना एवढे चांगले दिवस भारतात पूर्वी कधी आले नव्हते. आज जगभर स्वस्त औषधे पुरवणारा भारतीय उद्योग या कायद्यावर उभा राहिला, हे सर्वमान्य आहे. त्या कायद्याला अर्थ देणारी माणसे कोठून आली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ती यूडीसीटी, पुण्याची प्रयोगशाळा, लखनौची औषध संशोधन संस्था अशा ठिकाणी, थायोफीनसारख्या ‘निरुपयोगी’ विषयांवर प्रबंध लिहून तयार झाली होती. आठ-दहा पायऱ्यांचे संश्लेषण स्वतःच्या हाताने पार पाडलेला विद्यार्थीच पुढे दुसऱ्याच्या औषधाची नवी रीत शोधू शकतो.

टिळकांविषयी प्रचलित असलेले दोन निर्णय येथे तपासून पाहावेत. पहिला : त्यांच्या गंधकयुक्त स्टेरॉइडपैकी एकही औषध बाजारात उतरले नाही, म्हणून ते संशोधन फसले. दुसरा, जो कौतुकाच्या सुरात सांगितला जातो : त्यांनी ‘शुद्ध’ विज्ञान सोडून देशासाठी ‘उपयोजित’ विज्ञान पत्करले. हे दोन्ही निर्णय एकाच चुकीच्या मोजपट्टीतून निघतात. थायोइंडिगोची गाठ संप्रेरकाला मारणारा माणूस शुद्ध संशोधन करत होता की उपयोजित? रंगाच्या कारखान्यातील क्लृप्ती घेऊन तो जीवशास्त्राच्या प्रश्नाकडे गेला आणि तेथून पुन्हा कारखान्याकडे आला. त्याच्या लेखी ही भिंत नव्हतीच.

पहिल्या निर्णयाला तर काळानेच एक उत्तर दिले आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील एलाय लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रॅलॉक्सिफीन हे संयुग प्रसिद्ध केले. ते स्टेरॉइड नाही, परंतु स्त्री-संप्रेरकाच्या कुलपात बसते. हाडांत संप्रेरकासारखे काम करते आणि स्तनांत मात्र त्याला अडवते. रजोनिवृत्तीनंतर ठिसूळ होणाऱ्या हाडांसाठी डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्या रेणूचा गाभा आहे बेंझोथायोफीन. आणि तो गाभा बांधताना वापरलेली गाठ? गंधकाची शेपटी आणि फॉस्फरिक आम्लाचेच घट्ट रूप.

येथे हात आवरणे आवश्यक आहे. ‘अमेरिकेने मुंबईचे औषध चोरले’ अशी आरोळी ठोकण्यास हा मजकूर फार सोयीचा आहे, आणि समाजमाध्यमांवर तशी आरोळी फार लवकर पसरते. ती खोटी ठरेल. रॅलॉक्सिफीन घडले ते प्रामुख्याने टॅमॉक्सिफेनसारख्या संप्रेरकविरोधी औषधांच्या शोधातून; आम्लाने वलय बंद करण्याचे तंत्रही एकट्या टिळकांचे नव्हते. म्हणता येते ते एवढेच : संप्रेरकाच्या जागी गंधकाचे वलय बसवून पाहावे, हा १९५० च्या दशकातील मुंबईचा अंदाज वेडगळ नव्हता. प्रश्न योग्य होता. त्याचा पाठपुरावा करायला मोठी प्राणिप्रयोगशाळा, औषधशास्त्रज्ञांचा ताफा आणि वीस वर्षे धीर धरणारा पैसा लागतो. माटुंग्यात यांपैकी काहीच नव्हते. रेणू बाटलीत तयार होत होता, आणि बाटलीच्या पुढचा रस्ता नव्हता.

संचालकपदाच्या बारा वर्षांविषयीही निर्भेळ गौरव करणे अवघड आहे. परकीय चलन किती वाचले यावर संशोधनाचे मोल ठरू लागले, की प्रयोगशाळा आधीच ज्ञात असलेले रेणू पुन्हा बनवू लागते. ते आवश्यक होते. देशाजवळ डॉलर नव्हते. परंतु त्या हिशेबात अज्ञात रेणूला जागा नसते. ज्याने १९५६ मध्ये जगात कुठेही नसलेले स्टेरॉइड घडवले, त्याच्याच हाताखाली १९७० च्या दशकात दुसऱ्यांच्या रेणूंच्या स्वस्त रीतींवर भर द्यावा लागला, हे त्या काळाने मागितलेले शुल्क होते. ते रास्त होते की अवाजवी, यावर मतभेद होतील. ते मोजले गेले, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

१९७८ मध्ये निवृत्त झाल्यावर टिळक पुण्यातच राहिले आणि ग्रामीण विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचा वापर करणारे एक केंद्र त्यांनी उभारले. ऑक्सफर्डमध्ये स्टेरॉइड शिकलेला माणूस उतारवयात खेड्यांच्या प्रश्नांत शिरला, याचे अनेकांना नवल वाटले असेल. रंग, संप्रेरक, कर्कजनक, औषध असा ज्याचा प्रवास झाला होता, त्याला ते फार मोठे वळण वाटले नसावे. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

एवढी कथा जुळवायलाही आज जी साधने हाती लागतात ती फार विखुरलेली आहेत. शोधनिबंध उपलब्ध आहेत. त्यांतून काय घडले ते कळते, कसे घडले ते कळत नाही. पहिल्यांदा गाठ बसली तेव्हा कोण होते, आयात परवाना अडकल्यावर कोणत्या रसायनावाचून काम थांबले, कोणता प्रयोग चौदा वेळा फसला, हे निबंधात छापत नाहीत. ते प्रयोगवह्यांत असते, अप्रकाशित प्रबंधांच्या मागच्या पानांत असते, आणि ज्यांनी ते काम केले त्यांच्या स्मरणात असते.

शहाड-कल्याणच्या पट्ट्यातील अनेक रसायन कारखाने गेल्या तीस वर्षांत बंद पडले. काहींच्या जागी गृहसंकुले आली. कारखाना बंद होताना जुने सामान भंगारात जाते, आणि त्याबरोबर प्रक्रियांच्या नोंदवह्या, पाळीच्या हजेऱ्या, प्रयोगशाळेतील नमुन्यांची कपाटेही जातात. एखाद्या पडक्या वाड्याची तुळई विकली गेली तर इतिहासप्रेमी तरुण छायाचित्रे घेऊन धावतात, आणि ते योग्यच आहे. १९६० च्या प्रक्रियावहीचा गठ्ठा रद्दीच्या तराजूत पडतो तेव्हा मात्र कोणी फिरकत नाही.

ज्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत या कारखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून काम केले, त्यांतील कितीतरी माणसे आज डोंबिवली, कल्याण, बदलापूर, टिटवाळा येथे निवृत्तीचे दिवस घालवत आहेत. बहुतेक ऐंशीच्या पुढची. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी फिरायला निघालेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाला थायोइंडिगोची भट्टी कशी पेटवत, विचारले तर तो अर्धा तास बोलेल. त्याचे कोणी ध्वनिमुद्रण केलेले नाही. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि कल्याणहून टिटवाळ्याला जायला वीस मिनिटेही लागत नाहीत.